मे महिन्याची सुट्टी गोव्यातल्याच गावात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिना जवळ आला की आमच्या पर्वरीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये भेटेल तो एकच विचारतो, यंदा कुठे? कुणी मनाली, कुणी मुन्नार. आम्हीपण बरीच वर्षं तेच केलं. मग एका वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लांबचा प्रवास बंद, मुलं घरात बसून कंटाळलेली, तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राने सांगितलं की त्याच्या मावशीचं फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याला कुळागर (पोफळी-मसाल्यांची बागायत) आहे, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, जाऊन बघा. तीन रात्री राहिलो. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, गोव्यातच जन्मलेला वाढलेला, आणि मिरी ही वेलीला लागते हे त्याने तिथे पहिल्यांदा बघितलं. मला खूप वाईट वाटलं खरं तर. आपण गोव्यात राहतो म्हणतो आणि मुलांना फक्त मिरामार आणि मॉल माहीत.

तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही एक गाव धरतो आणि तिथे जाऊन राहतो. नोकरीसाठी कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून इथे आलेले बरेच जण ओळखीचे आहेत, ते विचारतात, आणि इथलेच मडगाव-वास्कोचे लोकही विचारतात की हे नेमकं करायचं कसं, कुणाला फोन करायचा, काय न्यायचं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण यातच बहुतेक जण चुकतात. तीन रात्री असतील तर गाव एकच धरा. आज तांबडी सुर्ल, उद्या नेत्रावळी, परवा खोतीगाव असं केलंत तर गाडीतच बसून राहाल आणि गावातल्या कुणाच्या हातात तुमचा एक रुपया जाणार नाही, पेट्रोल पंपावर जाईल फक्त.

तारीख ठरवणे

मे महिन्याचे पहिले दोन ते अडीच आठवडे सगळ्यात चांगले. का ते सांगते. काजूच्या भट्ट्या, म्हणजे जिथे काजूच्या रसाची फेणी ही दारू गाळतात त्या, फेब्रुवारी-मार्चला सुरू होतात आणि मेच्या मध्यापर्यंत बऱ्याचशा बंद होत जातात, म्हणजे भट्टी बघायची असेल तर उशीर नको. मानकुराद आंबा मार्चमध्ये येतो तेव्हा डझनाचा भाव ऐकून आपण मागे सरतो, मेमध्ये तोच आवाक्यात येतो. करवंदं, जांभळं, चुरणं सगळं याच दिवसांत. भिरंडं, म्हणजे कोकमाची ताजी फळं, मेमध्ये पिकायला लागतात आणि घराघरांच्या अंगणात सोलं (आमसुलं) वाळत घातलेली दिसतात.

२० तारखेनंतर संध्याकाळी गडगडाट आणि वळवाचा पाऊस सुरू होऊ शकतो, लाईट जाते, झाडं पडतात. तरीही जायचं असेल तर जा, तेव्हा फणस भरपूर असतो आणि पहिल्या पावसाचा मातीचा वास मिळतो, पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी नाही सांगणार.

आणि धबधबे बघायला म्हणून मेमध्ये जाऊ नका. हरवळे, सावरी, मैनापी, दूधसागर, सगळीकडे पाणी अगदी कमी झालेलं असतं किंवा आटलेलं असतं. लोक जीप करून कुळ्याहून दूधसागरला जातात आणि काळा कातळ बघून येतात. तो प्रवास पावसाळा संपल्यावर करा, जीपवाल्यांचा धंदा तेव्हाही चालूच असतो आणि तुमचे पैसेही वसूल होतील.

गाव कुठलं?

घरात कोण कोण आहे त्यावर ठरवायचं.

आजी-आजोबा किंवा तीन-चार वर्षांचं मूल असेल तर फोंडा तालुका. पणजीहून फोंडा ३० किलोमीटर, त्याच्या आसपास सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूला कुळागरं आहेत. कुळागर म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी: डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या पाण्यावर जोपासलेली बागायत, वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरीची वेल, खाली केळी, अननस, जायफळ, आणि सगळ्यांमधून फिरवलेले पाण्याचे पाट. भर दुपारी बाहेर अंग भाजत असताना कुळागरात शिरलात की फरक लगेच कळतो. इथल्या काही मसाल्यांच्या बागा बरीच वर्षं पर्यटकांसाठी खुल्या आहेत, तिकीट काढून फिरवतात आणि केळीच्या पानावर जेवण देतात, एका दिवसासाठी ते ठीक आहे. राहायला मात्र घर शोधा.

मुलं आठ वर्षांच्या पुढची असतील, चालायला तयार असतील तर सांग्यातलं नेत्रावळी. अभयारण्याचा भाग आहे, झाडी दाट, गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे, तळातून सतत बुडबुडे वर येत असतात आणि टाळी वाजवली की वाढतात असं गावकरी सांगतात, मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत. त्याच्याही वर वेर्ले, तुडव, साळजिणी ही डोंगरावरची गावं. उंचावर असल्यामुळे रात्री बरंच सुसह्य असतं, मेमध्येही. पण रस्ता वळणांचा आणि मोबाइलला रेंज भरवशाची नाही, त्यामुळे ज्यांना घाट लागतो त्यांनी विचार करून जा.

सत्तरी, म्हणजे वाळपईच्या पुढचा भाग, हा माझा सगळ्यात आवडता, काजूच्या भट्ट्यांसाठी आणि म्हादई नदीसाठी. काणकोणात खोतीगावचं अभयारण्य आणि खोला गावाचा भाग. पेडण्यात आगरवाड्याची मिठागरं. आणि कुठेच लांब जायचं नसेल, एकच रात्र असेल, तर दिवाडी बेट, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे.

घर शोधणे आणि फोन करणे

हे मी जरा लांबवणार आहे कारण सगळी सुट्टी यावर अवलंबून असते.

दुसऱ्या वर्षी आम्ही इंटरनेटवर फोटो बघून एक जागा बुक केली. फार्मस्टे लिहिलेलं, फोटोत पोफळी, बैलगाडी, चुलीवरचं मडकं. प्रत्यक्षात मालक दुसऱ्या राज्यात, सगळा स्टाफ बाहेरचा, जेवायला पनीर बटर मसाला, आणि ते चुलीवरचं मडकं शोभेचं. शेजारच्या वाड्यावरची बाई आपली केळी घेऊन गेटवर आली तर वॉचमनने तिला आत सोडलं नाही. ते मला अजून लागतं. पैसे आम्ही गावाच्या नावाने दिले होते आणि गावाला काहीच मिळालं नाही.

तेव्हापासून बुक करायच्या आधी फोन करतेच, आणि हे विचारते. घर कुणाचं आणि घरातलं कोण तिथे राहतं? स्वयंपाक कोण करतं? तांदूळ, नारळ, भाजी घरचं की विकतचं? जवळपास भट्टी किंवा कुळागर बघायला मिळेल का, आणि तिथे तुमच्या ओळखीने नेणार की गाईड वेगळा? मे महिन्यात विहिरीला पाणी असतं ना? हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. काही वाड्यांवर मेमध्ये पाण्याची खरंच अडचण असते, टँकर येतो, आणि चार माणसं शॉवरखाली उभी राहिली तर त्या घरातल्या बाईला दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन फिरावं लागतं. त्यांनी पाणी कमी आहे असं सांगितलं तर बादली-तांब्याने आंघोळ करायची, मुलांना त्यातच जास्त मजा येते.

संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, गाडी दारापर्यंत जाते का की शेवटचं अंतर चालायचं, हेही विचारून घ्या. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या घरांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का हे साधेपणाने विचारलं तर कुणी रागावत नाही.

ओळख नसेल तर कुठून सुरुवात करायची? गावच्या पंचायतीत फोन करा, किंवा बायकांचे सेल्फ हेल्प ग्रुप असतात त्यांची चौकशी करा, पापड-लोणची करणाऱ्या ग्रुपला गावात कोण खोल्या देतं हे पक्कं माहीत असतं. सुट्टीच्या आधी एखाद्या रविवारी नुसतं फिरायला म्हणून जाऊन येणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, घर बघून, हातात थोडा ॲडव्हान्स देऊन यायचं.

आणि जेवणाचं किमान दोन दिवस आधी सांगा. गावातलं घर म्हणजे हॉटेल नाही, फ्रिज भरून ठेवलेला नसतो. मासे हवेत तर सकाळी मासेवाली यायच्या वेळेचा हिशेब असतो, गावठी कोंबडी हवी तर ती कुणाकडून तरी घ्यावी लागते. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, काहींकडे गुरुवारीही नाही, त्या दिवशी शिवराक जेवण असतं, आणि खरं सांगू तर मेमधलं शिवराक जेवण हेच जास्त चांगलं. फणसाची भाजी, आंब्याचं सासव, खतखतं, उकड्या तांदळाचा भात आणि ताज्या भिरंडांची कढी. सकाळी दहाच्या सुमाराला पेज आणि बरोबर चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. माझी मुलगी घरी पेज बघून तोंड फिरवते, तिथे दोन वाट्या खाल्ल्या.

बॅगेत काय

सुती कपडे, लांब बाह्यांचे. टॉर्च. ओआरएसची पाकिटं. रोजची औषधं मोजून, कारण गावात मेडिकल असेलच असं नाही. रोख पैसे, त्यातही १०० आणि २००च्या नोटा जास्त, रेंज गेली की यूपीआय बंद पडतं आणि समोरच्याकडे सुटे नसतात. रिकामे डबे, कापडी पिशव्या, दोन-तीन पुठ्ठ्याचे खोके आणि जुनी वर्तमानपत्रं. खोके कशाला ते पुढे येईल.

एक काळजीची गोष्ट आहे ती नीट वाचा. सत्तरीच्या काही भागात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, हा ताप जंगलातल्या बारीक गोचिडीच्या चाव्याने येतो आणि त्याचा हंगाम नेमका हाच, थंडीपासून मेपर्यंत. घाबरून जाणं रद्द करू नका, हजारो लोक तिथे रोज राहतात, काजूत काम करतात. फक्त जंगलात जाताना फुल पँट, मोजे, लांब बाह्या घाला, पाचोळ्यावर बसू नका, मुलांना लोळू देऊ नका, गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल गावच्या आरोग्य केंद्रात मिळतं का ते विचारा, आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवायला टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला किंवा पंचायतीत कळवायचं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की आम्ही जंगलात जाऊन आलो.

दिवस कसा घालवायचा

गावाचा दिवस लवकर सुरू होतो आणि तुम्हीही त्यातच शिरा. साडेसहाला पोदेराचा भोंगा वाजतो, सायकलवर पाव, उंडे, पोळी, कांकणं घेऊन येतो, मुलांना पैसे देऊन त्यांनाच घ्यायला पाठवा. नऊपर्यंत फिरून घ्यायचं. दुपारी १२ ते ४ काहीही ठरवू नका, ओसरीवर झोपा, पत्ते खेळा, फणस सोला (हाताला खोबरेल तेल लावून, नाहीतर चीक निघत नाही). चारनंतर परत बाहेर.

काजूची भट्टी बघायची तर सकाळीच. आदल्या दिवशी यजमानांना सांगा म्हणजे ते भट्टीवाल्याला विचारून ठेवतील, असेच जाऊन उभे राहू नका, तिथे त्यांचं काम चाललेलं असतं. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पूर्ण पिकून खाली पडलेलाच उचलतात. मुलांच्या हातात टोपली दिली तर तासभर उचलत बसतात, त्यात मदत होते आणि बी वेगळी कशी करायची तेही शिकतात. मग बोंडू तुडवतात किंवा यंत्रात घालून रस काढतात. चोथ्यावर वजन ठेवलं की आपसूक निथळत येतो तो नीरो, एकदम स्वच्छ, गोड, किंचित घशाला धरणारा. तो लगेच प्यायचा, ठेवला की आंबायला लागतो. मुलांना प्यायला द्यायचा तो हाच आणि एवढाच. पुढे रस दोन-तीन दिवस आंबवून एकदा काढला की हुर्राक, आणि परत एकदा काढला की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय टॅग (त्या भागाचीच वस्तू अशी सरकारी नोंद) मिळाला, पण तो टॅग ज्या धुरात आणि उष्णतेत तयार होतो तिथे दहा मिनिटं उभं राहून बघा, मग बाटलीची किंमत जास्त वाटणार नाही. मोठ्या माणसांनी हुर्राक घ्यायचं तर संध्याकाळी घरी बसून, गाडी चालवायची नसताना.

भट्टीवाला फिरवण्याचे पैसे मागणार नाही बहुतेक. तरी त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. फेणी नको असेल तर काजूगर घ्या, साल न काढलेले, चुलीवर भाजलेले. दुकानात मिळतात त्यांच्याशी तुलना करू नका, चवच वेगळी.

सांगे बाजूला असाल तर कुर्डी चुकवू नका. साळावली धरणासाठी १९८०च्या दशकात हे गाव पाण्याखाली गेलं, लोकांना वाड्डें आणि वालकिणीला वसवलं. वर्षातले बरेच महिने तिथे नुसतं पाणी दिसतं. एप्रिल-मेमध्ये धरणाचं पाणी उतरतं आणि गाव वर येतं, घरांचे चौथरे, विहिरी, वाटा, माडांची खोडं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, त्यांच्या घराचे अवशेषही दिसतात. मेमध्ये एका दिवशी गावचे जुने लोक सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, पूजा होते, जेवण होतं, आणि म्हातारी माणसं नातवंडांना हात धरून आपलं घर कुठे होतं ते दाखवत असतात. आम्ही गेलो त्या दिवशी एक आजी एका चौथऱ्यावर बसून राहिल्या होत्या, माझ्या मुलाने विचारलं आजी इथे काय होतं, तर म्हणाल्या, "हांगा आमची चूल आशिल्ली." तिथे सावली अजिबात नाही, सकाळी लवकर किंवा पाचच्या सुमाराला जा, पाणी आणि छत्री न्या, गाडी कोरड्या दिसणाऱ्या चिखलात घालू नका, रुतते. आणि ही लोकांची घरं होती, पाया दिसतो म्हणून त्यावर उड्या मारू नका, दगड उचलून आणू नका. सण कुठल्या तारखेला ते यजमानांना आधी विचारून घ्या.

त्याच बाजूला कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, मोर, गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. पावसात त्यावर पाणी आणि गाळ येतो, उन्हाळ्यातच नीट दिसतात. चप्पल काढून चाला, खडूने रेषा भरू नका.

नदीत डुंबायचं तर गावातल्या माणसाने दाखवलेल्या कोंडीतच, आणि मोठं माणूस पाण्यात उभं असतानाच. चिऱ्यांच्या आणि जुन्या खाणींच्या खड्ड्यांत साठलेलं निळंहिरवं पाणी फोटोत सुंदर दिसतं, त्यात कुणालाही उतरू देऊ नका, कडा सरळ खोल असतात आणि वर यायला धरायला काही नसतं. काही झालंच तर १०८ला फोन करा.

पेडण्याकडे असाल तर मिठागरं बघा, सकाळी आठच्या आत. खाडीचं पाणी वाफ्यात घेऊन उन्हात आटवतात, आणि पहिला पाऊस आला की हंगाम संपला. त्यामुळे मेमध्ये ते लोक आभाळाकडे बघतच काम करत असतात. गावठी मीठ जाडं, थोडं करडं असतं, लोणच्याला आणि मासे खारवायला हेच लागतं असं माझी आई सांगते, आणि गोव्यात मीठ पिकवणारी घरं आता फार थोडी उरलीत. पाच-दहा किलो घेऊन या, ते काही नासत नाही.

विकत काय घ्यायचं आणि कसं

गोव्यात पावसाळ्याच्या आधी घर भरून ठेवायची पद्धत आहे, तिला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ, फणसाच्या बिया. मडगावला तर पुरुमेंताचं फेस्तच भरतं. म्हणजे तुमची सुट्टी आणि गावातल्या बायकांचा वर्षातला मोठा विक्रीचा मोसम एकाच वेळी येतो. वर्षभराची सोलं, मिरची, मीठ तुम्ही मॉलमधून घेणारच आहात, त्याऐवजी ज्या घरात राहिलात त्यांच्याकडून किंवा त्यांच्या शेजाऱ्यांकडून घ्या. पाहुण्याकडून मिळणारे खोलीचे पैसे एकाच घरात जातात, पण अशी खरेदी पाच-सहा घरांत जाते.

आंब्यांचं सांगते. मानकुराद, हे नाव पोर्तुगीज माल-कोराद वरून, म्हणजे रंगाने फिका. त्यामुळे लालबुंद शोधू नका, पिवळा, साधा दिसणारा, आतून रेषा नसलेला. अर्धे कच्चे घ्या, खोक्यात कागद किंवा गवत घालून आढी लावा, चार-पाच दिवसांत एकेक करून पिकतात. झाडावरून उतरवताना देठ ठेवायला सांगा म्हणजे चीक सालीवर पडत नाही. सगळे एकसारखे पिवळे आणि आतून आंबट असे आंबे रस्त्यावर मिळतात, ते कार्बाइडने पिकवलेले असू शकतात, थेट भाटातून (बागेतून) घेतलेल्यात ही भीती कमी. मुसराद जातीचा आंबा मिळाला तर मांगाडासाठी (आंब्याच्या जॅमसाठी) घ्या, आणि यजमानांच्या घरातल्या काकीला विचारून कृती वहीत लिहून आणा.

मिरची काणकोणची खोल्याची किंवा पेडण्याची हरमलची, दोन्हींना जीआय टॅग आहे. माडाचा गूळ, काळसर. कोरगुट तांदूळ, खाजनातला, खाऱ्या जमिनीत येणारा. मातीची मडकी आणि कुंडले डिचोलीच्या कुंभारांकडे, मासळीच्या कढीला दुसरं भांडं मी आता वापरतच नाही. जाताना किंवा येताना आठवड्याचा बाजार जुळवता आला तर उत्तम: बुधवारी डिचोली, गुरुवारी बाणस्तारी, शुक्रवारी म्हापसा.

भावाबद्दल माझं मत ठाम आहे, पटत नसेल तर सोडून द्या. बाजारात दहा वाटे लावून बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका. ती पहाटेच्या बसने आली आहे, बसायची पावती तिने फाडली आहे, आणि संध्याकाळची बस पकडायच्या आत तिला सगळं संपवायचं आहे. वीस रुपये कमी करून आपल्याला काही होत नाही. उलट "उरलेलं सगळं द्या" असं म्हणून बघा एकदा, तिचा चेहरा बघा.

यजमानांशी मात्र पैशाचं पहिल्याच दिवशी स्वच्छ बोलून घ्या. गावातली माणसं भिडस्त असतात, "मागीर पळोवया" (नंतर बघू) म्हणतात, आणि निघताना दोघांनाही अवघड होतं. खोलीचे किती, जेवणाचे ताटाला किती, मुलांचे अर्धे का पूर्ण, भट्टीवर नेणाऱ्या भाच्याला काय द्यायचं. त्यांनी आग्रह करून फणस गाडीत घातला तर नको म्हणू नका, पण मुलाच्या हाती पैसे ठेवल्यासारखं करून परतफेडही करू नका, त्याचा राग येतो. आम्ही पुढच्या वेळी जाताना काहीतरी नेतो.

गावात वागायचं कसं

न विचारता फळ तोडू नका, रस्त्याच्या कडेचं असलं तरी ते कुणाच्या तरी भाटातलं असतं. काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारून काढा. देवळात जाताना अंगभर कपडे. रात्री मोठ्याने गाणी नकोत. बाटल्या, चिप्सची पाकिटं, डायपर सगळं आपल्या पिशवीत घालून घरी आणा, वाड्यावर कचऱ्याची गाडी रोज येत नाही. आणि मेमध्ये जंगलात किंवा काजूच्या भाटात काडी पेटवायची नाही, सिगरेटही नाही, पाचोळा इतका वाळलेला असतो की एका ठिणगीत डोंगर पेटतो आणि कुणाचं तरी वर्षभराचं काजूचं उत्पन्न जातं.

मराठी बहुतेकांना कळतं, सत्तरी-डिचोली-पेडण्यात तर घराघरांत मराठी वाचतात, भजनं-नाटकं मराठीत होतात. तरी कोकणीचे चार शब्द शिकून जा. "कितले?" "बरें आसा." आणि निघताना आभार म्हणून "देव बरें करूं." नुसतं एवढं म्हटलं तरी आजी ओसरीवरून उठून फाटकापर्यंत येते.

परत आल्यावर यजमानांचा नंबर नुसता सेव्ह करून ठेवू नका. सावईवेऱ्याच्या मावशीला मी मे संपायच्या आत एकदा फोन करते, सोलं वाळली का म्हणून. दोन किलो आमची, आणि बिल्डिंगमधल्या चार घरांची मिळून अकरा किलो होतात. तिचा मुलगा कामाला पणजीत येतो, येताना घेऊन येतो, पैसे त्याच्या हातात द्यायचे. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामानही तिच्याकडूनच येतं आता, सुपारीचे घोस, कांगलां ही रानफळं, नारळांचा घड. यंदा पाचव्या मजल्यावरच्या नांदेडच्या कुटुंबाने तिच्याकडेच ८ ते ११ मे अशी खोली धरली आहे, विहिरीला पाणी आहे का ते त्यांनी विचारलं, मी सांगायच्या आधीच.